बेंबीभोवती चार ठिपके

२० जानेवारी

सायली मॅडमनी आज दोन वह्या आणल्या. एक रजिस्टर. त्यात रोज लिहायचं, काय खाल्लं, किती खाल्लं, शी कशी झाली, वजन किती, संध्याकाळी घरटं केलं का. दुसरी वही दुकानदारानं चुकून जास्त दिली. म्हणाल्या, "ठेवा बाबा तुमच्याकडं." मी चौथी पास. लिहिताना शब्द चुकतात. पण कोरी वही पडून राहिलेली मला बघवत नाही.

मी सांडू, वय सदुसष्ट, मूळचा देवगाव रंगारीचा. हयात माकडं आणि अस्वलं सांभाळण्यात गेली. घरी बसलो होतो, तर पैठण रोडच्या या प्राणी केंद्रावर मला गेल्या पावसाळ्यात परत बोलावलं, ते एका ओरांगउटानच्या पिल्लासाठी. तांबडे केस, लांब हात, डोळे अगदी माणसाचे. विमानतळावर कुणाच्या तरी बॅगेत अशी दोन पिल्लं सापडली. एक वाटेतच गेलं. उरली ही, दोन वर्षांची, सहा किलोची. कागद पुरे झाले की हिला तिच्या मुलखात, इंडोनेशियाला पाठवायचं. तिथं म्हणे अनाथ पिल्लांना जंगलात राहायला शिकवतात. डॉक्टर सायली मॅडमच सगळं बघतात.

बोर्डावर तिचं नाव राजनंदिनी. ते आमच्या मॅनेजरनी, ऋतुराज साहेबांनी ठेवलं. मी कडूबाई म्हणतो. आमच्याकडं ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथं जगलेल्याला असं नाव ठेवतात. कडुबा, कडूबाई, सांडू. यमाला वाटावं, हे टाकून दिलेलं आहे, कशाला उचलायचं. माझ्या आधीची दोन गेली, म्हणून मी सांडू.

२४ जानेवारी

सकाळी सहाला औषधाच्या पाण्यात बूट बुडवायचे, मास्क, हातमोजे, मगच आत. पपई, पेरू, उकडलेलं रताळं बारीक चिरून गोणपाटात गुंडाळून उंच बांधायचं. ताटात द्यायचं नाही, तिनं शोधून खायचं. मग उंबराचा, शेवग्याचा पाला. दुपारी वजन. पाच वाजता घरट्याचा धडा. रानात ही जात रोज संध्याकाळी झाडावर नवं घरटं करून झोपते. ते आई शिकवते. हिची आई कुठं मेली कुणास ठाऊक, म्हणून मी शिकवतो. पिंजऱ्यातल्या ओंडक्यावर चढून फांदी वाकवायची, दुसरी तिच्याखाली सारायची, वरून पाला. गुडघे बोंबलतात. ती डोक्यावर गोणपाट घेऊन बघत बसते, लग्नातल्या म्हातारीसारखी.

मांडीवर घ्यायचं नाही हा नियम आहे. माणसाची सवय लागली की जंगलात टिकत नाही. माझ्या जोडीला मोनिका नावाची पोरगी आहे, तिशीची. ती नियम पाळते. कडूबाई रडली की पाठ करून बसते, ती गप होईपर्यंत. दगडाची आहे. कडूबाई तिच्याकडं जात नाही, माझ्याकडं येते. आज अर्धा तास मांडीवर होती. रजिस्टरमध्ये लिहिलं, "मांडीवर घेतलं नाही."

मोनिका जाताना म्हणाली, "बाबा, तुमच्या शर्टाला तांबडे केस हायत. झटकून जा."

३१ जानेवारी

पत्र आलं. १२ मार्चला विमान. गेटवरच्या बन्सीनं पेढे वाटले. "बाबा, तुमची नात चालली सासरी. आता मानपान करा."

मला आनंदच झाला. तसं बायकोला, भागूबाईला, घरी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "मग ताटातलं संपवा की."

५ फेब्रुवारी

मोनिकानं पाला चिरताना सांगितलं, तिच्या लेकीला कांजिण्या आल्यात. लेक पाचोडला आजीकडं ठेवलीय. मोनिका रविवारी बघून आली, लांबूनच. "बाबा, कुणाला बोलू नका. साहेब उगं घरी बसवतील. मी मास्क कधी काढत नाय, तुम्ही बघताच." म्हटलं, माझ्या पोटात राहील.

१० फेब्रुवारी

कडूबाईला खोकला. मॅडमनी छाती तपासली. साधी सर्दी आहे, आठ दिवसांत जाईल म्हणाल्या. पण जायच्या आधी तिकडचे डॉक्टर कागद तपासणार. छातीत काही दिसलं तर तारीख पुढं जाईल. औषध पपईत घालून द्यायला सांगितलं. जाताना माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "आणि बाबा, घरचं काही करायचं नाही. हळद नाही, ओवा नाही, काही नाही."

मी काय लहान आहे?

१३ फेब्रुवारी

खोकला तसाच. रडते आणि पोट धरते. औषधाची पपई थुंकते. मॅडम म्हणतात धीर धरा. धीर धरून आमच्या गावात किती लेकरं गेली ते यांना काय माहीत.

माझ्या आईनं मला बिब्बा लावला होता म्हणून मी जगलो. दाभणात बिब्बा टोचून दिव्यावर धरायचा. काळं तेल सुटतं. त्याचे ठिपके बेंबीभोवती द्यायचे. माझ्या दोन्ही लेकरांना मीच लावला, दोघं ठणठणीत आहेत. सून मात्र नातवंडांना हात लावू देत नाही. म्हणते, "मामंजी, ते ॲसिड आहे." तिचा बाप पण बिब्ब्यावरच वाढला असेल.

१४ फेब्रुवारी

केलं.

मोनिका कोठीत फळं चिरत होती. मी मेणबत्ती लावली. कडूबाईला मांडीवर उताणी घेतली. पोटावर केस विरळ असतात. हातमोजा काढला, कारण मोज्यानं अंदाज येत नाही. वर, खाली, डावीकडं, उजवीकडं, चार ठिपके. चटका बसला तेव्हा ओरडली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली आणि माझं बोट धरून ठेवलं. मी पाठीवरून हात फिरवला.

रजिस्टर: "प्रकृती ठीक."

१५ फेब्रुवारी

खोकला निम्म्यावर! मॅडम म्हणाल्या, औषध लागू पडलं. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, कुणाचं लागू पडलं ते कडूबाईला ठाऊक आहे. आज तिनं पहिल्यांदा माझ्या मदतीशिवाय दोन फांद्या एकमेकीत अडकवल्या. घरटं लगेच पडलं, पण दोन फांद्या अडकवल्या.

१७ फेब्रुवारी

उतला. बिब्बा उतला.

काल पोट लाल होतं, म्हटलं उतरेल. आज सकाळी पोटभर फोड. पाण्यानं भरलेले. तिनं खाजवलं आणि तोच हात तोंडाला लावला, म्हणून ओठावर फोड, बोटांवर फोड, एक डोळा सुजून बंद. मला गावातला एक माणूस आठवला, बिब्बे फोडता फोडता त्याचं तोंड असंच झालं होतं. सगळ्यांना सोसत नाही. हे मला माहीत होतं. वर चौदा तारखेला लिहिलं ते वाचलं, त्यात हे का नाही लिहिलं मी?

मॅडम आल्या, बघितलं आणि दोन पावलं मागं सरल्या. मग पांढरा पोशाख घालून आल्या. देवी असेल, कांजिण्या असतील, माकडांचा तो नवा रोग असेल म्हणाल्या. केंद्र बंद. ऋतुराज साहेब धावत आले. मॅडमनी आम्हाला उभं केलं. "कुणाच्या घरी आजारी आहे कुणी? ताप, पुरळ? खरं सांगा, तिच्या जिवाचा प्रश्न आहे."

मी सांगायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ, बिब्ब्याचंच सांगणार होतो.

बाहेर पडलं ते असं, "मोनिकाच्या पोरीला कांजिण्या आल्या होत्या."

मोनिकानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आपण काही विसरलो की काय, असं.

१८ फेब्रुवारी

मोनिकाला येऊ नको म्हणून सांगितलं. चौकशी होणार. फोडांतलं पाणी पुण्याला तपासायला गेलं. विमानाचं काही खरं नाही.

२१ फेब्रुवारी

आता आत फक्त मी जातो. पांढरा पोशाख, चष्मा, दोन मोजे. वाटलं होतं ओळखणार नाही. ओळखते. माझ्या चालण्यावरून ओळखत असेल. सुजलेले हात वर करून येते. मी खोबरं आणि तीळ वाटून नेलं होतं, बिब्ब्यावर तोच उतारा. पण तेही घरचंच. हिंमत झाली नाही. डबा तसाच परत आणला. मॅडमचं मलम लावतो.

ज्यानं भाजलं त्याच्याच गळ्यात पडते. तिनं चावावं असं वाटतं. चावत नाही.

रजिस्टर: "फोड तसेच. कारण माहीत नाही." हे दुसरं वाक्य कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

भावसिंगपुऱ्यात मोनिकाच्या घरी गेलो. सांगायचंच म्हणून गेलो. वाटेत तीनदा मनाशी म्हणून बघितलं.

दारात तिची लेक खेळत होती, गालावर सुकलेल्या खपल्या. मोनिकानं खुर्ची दिली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली तिचं केंद्राचं ओळखपत्र खिळ्याला टांगलेलं. चहा टाकला. मग पदरानं डोळे पुसले.

"बाबा, तुम्ही सांगितलं ते बरंच केलं. मीच सांगायला पायजे होतं. लांबूनच बघितलं म्हणले मी, पण निघताना पोरगी पायाला मिठी मारून रडली. उचललं मी तिला. आठ महिने कडूला जवळ घेतलं नाय, तिचं भलं व्हावं म्हणून. अन् माझ्याच कपड्यांनी तिला रोग नेला."

ती पण कडू म्हणते. मला ठाऊक नव्हतं.

"तिला घरटं जमलं का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, हाताला मोजे बांधलेत, आता कसलं घरटं.

चहा पिऊन आलो. जिना उतरताना तिनं लाईट लावून धरला, म्हाताऱ्याला पायरी दिसावी म्हणून.

२६ फेब्रुवारी

पुण्याचा कागद आला. देवी नाही, कांजिण्या नाहीत, तो नवा रोगही नाही. मला वाटलं सुटलो. मोनिका परत येईल, फोड बसतील, कुणाला काही कळणार नाही. केंद्राबाहेर येऊन रसवंतीवर रस प्यालो.

दुपारी साहेबांनी बोलावलं. रोग नाही तर मग काय आहे, हे कळल्याशिवाय परवानगी देणारे दिल्लीवाले तिला सोडणार नाहीत. कातडीचा तुकडा काढून पाठवायचा. परवा सकाळी भूल देणार. आणि मोनिका? साहेब म्हणाले, "तिनं घरातला आजार लपवला. ते तर खरंय ना? तिला काढायचं ठरलंय."

डिसेंबरात एक्स-रेसाठी भूल दिली तेव्हा तिचा श्वास थांबला होता. मॅडमनी इवलीशी छाती दोन बोटांनी दाबून परत आणली. मी तिचे पाय धरून उभा होतो. मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, हिला पुन्हा भूल द्यायची वेळ येऊ नये.

२७ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. भागूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "डब्यात पाच बिब्बे हुते. चार हायत."

मी म्हटलं, उंदरानं नेला असेल.

"बिब्बा उंदीर खात न्हाय. तुमचं बोट काळं झालं तवाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कवा बोलताय त्ये बघत हुते. तेरा दिस झाले. तेराव्याला माणसाचं सगळं उरकतं, तुमचं तोंड उघडंना." भाकरी उलटली. "लावला त्याचं न्हाय मी म्हणत. म्यापण लावला असता, आपल्याला त्येवढंच कळतं. पण त्या पोरीनं तुम्हाला च्या पाजला अन् तुम्ही पिऊन आलात."

उरलेल्या चारातला एक तिनं कागदात बांधून माझ्या शर्टाच्या खिशात घातला.

२८ फेब्रुवारी

मॅडम कोठीत औषध भरत होत्या. मी दारात उभा राहिलो.

"मॅडम, सुई भरू नका."

"बाबा, आत्ता नाही."

"तिला रोग नाय. बिब्बा उतलाय."

"काय?"

मी पुडी सोडून टेबलावर ठेवली. त्यांनी बिब्बा उचलला, बघितला. आजीच्या तोंडून नाव ऐकलं होतं म्हणाल्या, हातात पहिल्यांदा घेतला. मी म्हटलं, हाताला लावू नका. मग सगळं सांगितलं. चौदा तारीख, मेणबत्ती, चार ठिपके. त्यांनी सुई खाली ठेवली.

"मी नको म्हटलं होतं."

"व्हय."

"पुण्याला नमुने गेले तेव्हा माहीत होतं?"

"व्हय."

"आणि मोनिका?"

मी म्हटलं, "तिचं नाव मीच घेतलं."

"माहीत आहे. माझ्यासमोरच घेतलंत." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बसता तरी आलं असतं. "चौदा दिवस तुम्ही रोज तिच्याजवळ बसत होतात, बाबा."

साहेब मात्र ओरडले. दिल्लीपर्यंत फोन गेले, केंद्राची इज्जत गेली, म्हातारचळ लागला, सगळं बोलले. बन्सी खिडकीतून ऐकत होता. ते मला सोपं गेलं.

४ मार्च

पिंजऱ्यात जायची मला बंदी. मोनिका परत कामावर. फोड सुकताहेत. विमानाची तारीख बदलली नाही.

आज मॅडमनी रजिस्टर पुढ्यात ठेवलं. तिची सगळी फाईल इंग्रजीत करून तिच्याबरोबर जाणार, त्यात खोटं चालत नाही. मी खोडरबर मागितलं. म्हणाल्या, "खोडायचं नाही. आधीचं वाचता आलं पाहिजे. एक रेघ मारायची, खाली खरं लिहायचं, आणि सही."

चौदा तारखेपासून सुरुवात केली. "प्रकृती ठीक" वर रेघ. खाली लिहिलं, "मी सांडू, मनाई असताना बिब्बा लावला." सतरा तारखेला मोनिकाबद्दल लिहिलं. एकवीस तारखेच्या "कारण माहीत नाही" वर रेघ मारून लिहिलं, "कारण मला माहीत होतं." मग मागं गेलो. "मांडीवर घेतलं नाही" असं एकोणीस वेळा निघालं. एकोणीस रेघा. मॅडमनी ते मागितलं नव्हतं. बघत राहिल्या.

मोनिका पाणी प्यायला आत आली. मी उठून उभा राहिलो.

"बसा बाबा," ती म्हणाली. "बिब्ब्याचं मी समजू शकते. माझ्या सासूनं पण लावला असता." पेला विसळला, पालथा ठेवला. "पण मी चहा दिला तेव्हा तरी." गेली.

११ मार्च

बन्सीनं गेटवर थांबवून सांगितलं, काल कडूबाईनं घरटं केलं. मोनिका पिंजऱ्याबाहेर पाठ करून बसली होती. तासभर खुडबुड चालली. वळून बघते तर घरटं ओंडक्यावर पक्कं, आणि ती त्यात झोपलेली, डोक्यावर गोणपाट.

मी मांडीवर घ्यायचो तेव्हा तिनं एकदाही पुरं केलं नव्हतं.

१२ मार्च

सकाळी गाडी निघाली. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, तिनं तुम्हाला बघितलं तर पेटीत आकांत करेल, लांब राहा. मी बन्सीच्या केबिनमध्ये खाली बसून राहिलो. पेटीला बारीक भोकं होती. गाडी गेटवर थांबली तेव्हा भोकातून दोन तांबडी बोटं बाहेर आली आणि परत आत गेली.

फाईल मॅडमच्या मांडीवर होती, निळी. त्यात माझं नाव तेवीस ठिकाणी आहे.

१९ एप्रिल

मोनिकाचा फोन आला. महिन्याभरात पहिल्यांदा. मी बोलायच्या आधीच म्हणाली, "तुमची तब्येत विचारायला नाय केला. मॅडमनी सांगितलं म्हणून केला." मग, "कडू चांगली हाय. झाडावर चढते. दुसऱ्या पिल्लांत मिसळली."

भागूबाई ताट पुसता पुसता थांबून ऐकत होती.

"तिकडच्या डॉक्टरांनी विचारलंय," मोनिका म्हणाली. "फोड गेले, केस पण आले, पण बेंबीभोवती चार काळे ठिपके राहिलेत. पुस्तकात कुठं सापडत नाय. मॅडम म्हणाल्या, ज्यानं लावले त्यालाच विचार. ते किती दिवसांत जातात?"

मी फोन खाटेवर ठेवला, शर्ट वर केला आणि खाली बघितलं. कातडी लोंबलीय, सुरकुत्या पडल्यात. चारही जागच्या जागी आहेत.

फोन उचलून सांगितलं, "लिही पोरी. जात नाहीत."